बेवारस घराला वारस फार

बेळगावातल्या प्रत्येक जुन्या गल्लीत एक बंद घर असतं. नसेल तर गल्ली जुनी नाही असं खुशाल समजावं. दाराला कुलूप, कुलपाला गंज, कट्ट्यावर भलत्याच कुणाच्या दोन स्कूटर, कौलांतून वर आलेला पिंपळ आणि खिडकीच्या गजाला गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचं हसरं पोस्टर. घरातलं म्हातारं जोडपं जाऊन कैक वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. अशा घरापुढं उभं राहून 'कुणाचं ओ हे?' एवढंच विचारून बघा. गल्लीला कंठ फुटतो. म्हाताऱ्याचा दमा, म्हातारीच्या हातचे मांडे, परसातल्या विहिरीचं पाणी मे महिन्यातसुद्धा कसं आटत नाही, सगळं कळतं. मालक कोण, तेवढं सोडून.

घर बंद असलं तरी रिकामं नसतं. गणपती मंडळाचे बांबू मागच्या पडवीत असतात. कढीपत्त्याचं झाड सगळ्या गल्लीच्या आमटीला पुरतं. भिंतीला टेकवून कुणी वाळूचा ढीग ओतलेला असतो, तो संपत नाही आणि त्याचं बांधकामही सुरू होत नाही. या सगळ्या मंडळींना घर विकत घ्यायचं नसतं. ते बंद राहावं एवढीच त्यांची इच्छा असते.

आमच्या शहापुरातल्या अशाच एका घराच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना ते घर हवं होतं, आणि तेही कायदेशीर हवं होतं. इथंच घोटाळा झाला. बेकायदेशीर हवं असतं तर काम लवकर आटोपलं असतं.

पहिला सल्ला कट्ट्यावर मिळाला. 'बारा वर्षं बसा की मास्तर, घर तुमचं.' हा कायदा आमच्याकडं पाढ्यांबरोबर पाठ असतो. मास्तर मात्र नागरिकशास्त्र शिकवलेले, म्हणून खात्री करायला वकिलांकडं गेले. वकील म्हणाले, कट्ट्यावरचा कायदा खरा आहे, पण अर्धा. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणं मालकानं बारा वर्षांत दावा लावला नाही तर त्याचा हक्क जातो, हे बरोबर. पण तुमचा ताबा उघड पाहिजे, सलग पाहिजे आणि मालकाच्या विरोधात पाहिजे.

"उघड म्हणजे?"

"म्हणजे गल्लीला दिसला पाहिजे. रात्री बॅटरी घेऊन पाडलेले नारळ धरत नाहीत."

मास्तर जरा वेळ पंख्याकडं बघत बसले.

पुढची अट आणखी अवघड निघाली. 'मला वाटलं घर माझंच आहे' असं म्हटलं तर दावा पडतो. 'मालकानंच राहायला सांगितलं होतं' असं म्हटलं तरी पडतो. कोर्टापुढं उभं राहून सांगायचं असतं की घर दुसऱ्याचं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी आत शिरलो, सगळ्यांच्या देखत शिरलो आणि बारा वर्षं हललो नाही. इतका प्रामाणिकपणा सज्जन माणसाला झेपत नाही, आणि ज्याला झेपतो त्याला सहसा कोर्टाची गरज पडत नाही. सर्वोच्च न्यायालयानंच २००८ साली हेमाजी वाघाजी जाट यांच्या खटल्यात हा कायदा तर्काला धरून नाही असं सुनावलं होतं. २०१९ साली त्याच न्यायालयानं रविंदर कौर ग्रेवाल यांच्या खटल्यात सांगितलं की असा ताबेदार नुसता बचावच नव्हे, स्वतः दावासुद्धा करू शकतो. मग विधी आयोगानं विचार केला आणि २०२३ साली आपल्या २८० व्या अहवालात मत दिलं की कायदा आहे तसाच बरा. एवढं सगळं होईपर्यंत पडवीतले बांबू दोनदा बदलून झाले होते.

मास्तरांचा घास मात्र एका किल्लीनं अडवला. म्हातारीनं शेवटच्या आजारपणात त्यांना परसदाराची किल्ली दिली होती, तुळशीला पाणी घालायला. मास्तरांनी ती मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवली. वकिलांनी ती बोटानं परत त्यांच्याकडं सरकवली.

"ही कुणाला दाखवू नका. किल्ली दिली म्हणजे परवानगी दिली. परवानगीचा ताबा शंभर वर्षं झाली तरी परवानगीचाच. कुलूप फोडून शिरला असता तर काहीतरी करता आलं असतं."

मास्तरांनी दुसरा पुरावा काढला. घरफाळ्याच्या पावत्या. घर पालिकेनं जप्त करू नये म्हणून ते दरवर्षी भरत आले होते. पावत्या अर्थातच म्हाताऱ्याच्या नावावर. कर्नाटकात एप्रिलात फाळा भरला की पाच टक्के सवलत मिळते. मास्तर शिस्तीचे, एप्रिल कधी चुकवला नाही. त्यामुळं कागद असं सांगत होता की म्हातारा मेल्यापासून एकदम वक्तशीर झाला आहे. जिवंतपणी त्यानं सवलत कधी घेतल्याचं कुणाला आठवत नाही. उत्तर प्रदेशातल्या आझमगडच्या लाल बिहारी यांना सरकारी कागदानं जिवंतपणी मेलेलं ठरवलं, ते खोडायला त्यांना १९९४ साल उजाडलं. त्यांनी मृतक संघ काढला आणि नावापुढं 'मृतक' लावलं. आमच्याकडं उलट मंडळी जास्त. मेलेली माणसं उताऱ्यावर नांदतात, फाळा भरतात, मतदार यादीतही अधूनमधून डोकावतात. त्यांचा संघ निघाला तर जिल्ह्यात एकहाती सत्ता येईल.

"मग कुणीच वारस नाही असं दाखवलं तर?" मास्तरांनी विचारलं.

वकिलांनी चष्मा काढला. चष्मा काढला की वाईट बातमी असते. म्हणाले, कुणीच नसेल तर घर सरकारचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं एकोणतिसावं कलम. आणि सरकारच्या विरोधात ताबा सांगायचा तर बारा नव्हे, तीस वर्षं.

म्हणजे घराला मालक असला तर बारा, अजिबात नसला तर तीस. शिवाय सरकार म्हणजे कुठलं? घर जिथं उभं आहे तिथलं. जो माणूस जन्मभर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून काळ्या दिनाच्या फेरीत चालला, महाराष्ट्राच्या घोषणा देऊन ज्याचा घसा बसला, तो निपुत्रिक आणि बेवारस गेला की त्याचं घर, विहिरीसकट आणि घोषणांच्या फलकांसकट, कर्नाटक सरकारला मिळतं. सीमाभागातल्या माणसानं मृत्युपत्र करून ठेवावं, याला दुसरं कारण शोधायची गरज नाही.

बेवारस घर सरकारजमा करण्याचा आमच्या जिल्ह्याला अनुभवही जुना. शाळेत आपण डलहौसी आणि १८४८ चा सातारा पाठ करतो. पण त्या नाटकाची तालीम आमच्याकडं आधीच झाली होती. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा वारले. पोटी मूल नव्हतं, दत्तक घेतलेला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणाला, हा दत्तक आम्ही मानत नाही. आणि खजिन्याला सील ठोकलं. राणी चन्नम्मांनी ते मानलं नाही. २३ ऑक्टोबरला लढाई झाली, त्यात थॅकरेच गेला. त्यानंतर आजतागायत आमच्याकडं सील लावायची वेळ आली की मोठा साहेब गाडीत बसून राहतो आणि तलाठ्याला पुढं धाडतो. निपाणीचंही तेच. आप्पा देसाई निपाणकर, म्हणजे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, १८३९ साली वारसाविना गेले आणि कंपनी सरकारनं जहागीर घशात घातली. वाडा, तोफा, मुलूख, सगळं. तिथं कुणाला वंशवृक्षाचा दाखला आणायला सांगितलं नाही. मास्तरांना शेजारच्या तीन खोल्यांसाठी सांगितला.

मास्तरांच्या नातवानं मध्येच फोनवर इटलीतली गावं दाखवली, एका युरोला घर विकणारी. जपानात २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, दर सात घरांमागं एक, हेही त्यानं वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, त्यांच्याकडं माणसं कमी पडली. आमच्याकडं बघ की, घर एक आणि माणसं बाहेर लपून बसलेली.

ती लपलेली माणसं शोधणं आता भाग होतं. कारण सरळ रस्ता एकच उरला होता: वारस गाठायचे आणि रीतसर खरेदीखत करून घ्यायचं. वारस ठरवायला वकिलांनी पहिला प्रश्न टाकला. "आधी कोण गेलं, आजोबा की आजी?"

गल्लीत दोन तट पडले. एक तट म्हणे आजी श्रावणात गेली, आजोबा नंतर दिवाळीत. दुसऱ्याचं म्हणणं, दिवाळीला आजीनं चकल्या पाठवल्याचं चांगलं आठवतं. चकल्यांच्या चवीवरून साल ठरवायचा प्रयत्न झाला. वकिलांनी शांतपणं सांगितलं की घर आजोबांचं असेल तर आधी कुणीही जावो, शेवटी ते आजोबांच्याच माणसांकडं जातं. आजीच्या नावावर आलेलं असलं तरी बाईमागं मूल नसेल तर कायदा नवऱ्याचे वारस शोधतो. बाईनं स्वतः कमावलेलं असलं तरीसुद्धा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका विधवेचा खटला आला होता. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिनं नोकरी करून पैसा साठवला, आणि ती गेल्यावर तो पैसा सासरच्यांना मिळाला. कायद्यात कुणी वाईट नव्हतं. कायदाच तसा होता, आणि अजून आहे. यावर विनोद करायला माझी लेखणी धजत नाही. फक्त आई-वडिलांकडून वारशानं आलेली मिळकत असेल तर ती बापाच्या वारसांकडं परत जाते.

आणि इथं गल्लीनं नवी माहिती पुरवली. आजोबा निपाणीचे, आजी शहापूरची. म्हणजे आजोबा घरजावई? म्हणजे घर आजीच्या वडिलांचं? एवढी वर्षं सज्जन म्हणून गणला गेलेला माणूस दोन मिनिटांत घरजावई झाला.

खरं काय ते कागदच सांगणार. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. ब्रिटिशांचं बेळगाव रस्त्यापलीकडं, पटवर्धनांचं शहापूर अलीकडं. मग मुंबई राज्य आलं, १९५६ ला म्हैसूर आलं, १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. घर जागचं इंचभर हललं नाही, पण त्यानं इतकी राज्यं बघितली की एखाद्या मुरब्बी आमदारानं हेवा करावा. परिणामी पहिला कागद मोडीत, दुसरा मराठीत, तिसरा इंग्रजीत आणि आताचे कन्नडमध्ये. मोडी वाचणारा सापडला तोही ऐंशीच्या पुढचा, मोतीबिंदू झालेला. भिंग लावून त्यानं पहिला कागद तासभर वाचला आणि सांगितलं की ही एका म्हशीच्या उधारीची चिठ्ठी आहे. म्हैस दुभती होती. दुसरा कागद मात्र खरेदीचा निघाला: घर आजोबांच्या वडिलांनी निपाणीहून येऊन रोख पैसे मोजून घेतलेलं. आजोबांची अब्रू परत आली. गल्लीची जराशी निराशा झाली.

मग कचेरी. तिथला त्रास मी कुठल्या एका खिडकीवर घालणार नाही. खिडक्या सगळ्या सारख्याच. 'सर्व्हर इल्ल री' म्हणजे सर्व्हर नाही, 'नाळी बर्री' म्हणजे उद्या या, ही दोन वाक्यं ज्याला कळतात त्याला सरकारी कामापुरती कन्नड येते. आजोबांचं नाव ज्ञानेश्वर. मराठी उताऱ्यावर ज्ञानेश्वर, इंग्रजीत 'डी'नं सुरू होणारी स्पेलिंगची लांबलचक मालगाडी, आणि ती संगणकानं पुन्हा कन्नडमध्ये उतरवली तेव्हा झाला डन्यानेश्वर. ज्ञानेश्वर मेल्याचा दाखला होता. डन्यानेश्वर मेल्याचा नव्हता. दोघे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. बाँड रायटर म्हणाला, "काळजी नको ओ मास्तर, माउलींच्या नावाची मंडळी आमच्याकडं रोजचीच. वेगळा फॉर्मच करून ठेवलाय."

मरणाचा दाखलाही सुखासुखी आला नव्हता. आजोबांच्या धाकट्या भावाचा दाखला हवा होता, तो निपाणीचा. आणि निपाणीचा माणूस राहतो कर्नाटकात, पण दुखणं वाढलं की त्याला कोल्हापूरला नेतात. पोरगा देवचंद कॉलेजला जातो तेव्हाही गावाची वेस ओलांडून महाराष्ट्रात जातो, कारण कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात. तसाच बापही शेवटी महाराष्ट्रात जातो. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू तिथं. निपाणीकरांनी १९५६ पासून महाराष्ट्रात जायचा हट्ट धरला आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्या असं लिहिलंही होतं. तेवढ्या अहवालावर माणसं जायची थांबली नाहीत, एकेक करून जातच आहेत.

वंशवृक्ष तयार झाला. 'कुणी नव्हतं हो त्यांना' असं गल्ली इतकी वर्षं सांगत आली, त्या आजोबांना पुतणे, पुतण्या, भाचे, भाच्या मिळून भला मोठा गोतावळा निघाला. पुण्यात, मडगावात, सांगलीत, एक न्यू जर्सीत. यातल्या बहुतेकांना शहापुरात आपलं काही आहे हे मास्तरांच्या फोनवरूनच कळलं. फोन ठेवायच्या आत त्यांना तिथलं बालपण आठवलं. पुण्यातल्या पुतण्यानं लगेच भाव सांगितला, तोही कोथरूडचा. बहिणींच्या मुलांना भावांच्या मुलांइतकाच वाटा आहे हे ऐकून निपाणीचे थोरले पुतणे भडकले. त्यांना वकिलांनी कायद्याच्या अनुसूचीची ओळ बोट ठेवून दाखवली. त्यांनी चष्मा विसरल्याचं सांगितलं.

'तरुण भारत'मध्ये जाहीर नोटीस दिली. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. आमच्याकडं ही नोटीस लोक शब्दकोड्याच्या आधी वाचतात. हरकती आल्याच. गणपती मंडळाची आली, बांबूंबाबत. समोरच्या काकूंची आली: म्हातारीला त्यांनी रोज चहा नेऊन दिला होता आणि 'घर तुलाच गं' असं म्हातारी म्हणाली होती. स्थावर मिळकत नुसत्या तोंडी अशी देता येत नाही, बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, असं वकिलांनी समजावलं. काकू म्हणाल्या, "मग चहा काय नोंदवून द्यायचा होता?" यावर वकिलांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. बांबू मंडळाला मिळाले.

शेवटी सगळ्यांच्या सह्या जमत आल्या. न्यू जर्सीवाल्यानं मुखत्यारपत्र पाठवलं. अडले ते निपाणीचे थोरले पुतणे. तंबाखूची वखार, पांढरं धोतर, बोलणं कमी. बैठक त्याच बंद घरात भरली. दार उघडलं तेव्हा आधी एक मांजर बाहेर आलं आणि आमच्याकडं भाडेकरूच्या नजरेनं बघून गेलं. पुतणे सोप्यात बसले आणि म्हणाले, "सही करणार नाही."

"का ओ?"

"माझ्या लग्नाला काका आले नव्हते."

चौकशीअंती लग्नाची तारीख निघाली १९८१ ची, एप्रिलचा पहिला आठवडा. त्या दिवसांत निपाणीजवळ तंबाखूला रास्त भाव मागत शेतकरी पुणे–बंगळूर हमरस्त्यावर बसले होते, शरद जोशींच्या मागं. ६ एप्रिलला गोळीबार होऊन माणसं गेली. रस्ता बंद होता, गाड्या बंद होत्या, हे सगळ्यांनी पुतण्यांना आठवून दिलं.

"मला सांगताय होय? मी तिथंच बसलो होतो." पुतणे म्हणाले. "नवरा मुलगा आंदोलनातनं उठून मांडवात येऊ शकतो, तर काकांना शहापुरातनं यायला काय झालं होतं?"

बराच वेळ गेला. मग त्यांची नजर सोप्यातल्या झोपाळ्यावर गेली. सागवानी फळी, पितळी कड्या, कड्यांवर मोर. पुतण्यांचा सूर बदलला. "हा मला द्या. सही करतो."

लगेच मडगावच्या भाचीला आठवलं की या झोपाळ्यावर तिला मांडीवर घेऊन आजी ओव्या म्हणायची. पुण्याच्या पुतण्यानं फोनवरून झोपाळ्याचा फोटो मागवला. घराच्या किमतीवर पाच मिनिटांत एकमत झालेले वारस झोपाळ्यावर अडून बसले. वकिलांनी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. घरात कायमचं पक्कं केलेलं ते स्थावर, ते घराबरोबर मास्तरांना. उचलून नेता येतं ते जंगम, ते वारसांचं. म्हणजे तुळईत ठोकलेले लोखंडी हूक मास्तरांचे. फळी पुतण्यांची, भाचीची त्यांनी समजूत काढावी. राहिल्या मधल्या पितळी कड्या. त्या वरून हुकात अडकवलेल्या आहेत आणि खालून फळीला धरून आहेत, तेव्हा त्या नक्की कुणाच्या यावर कायदा गप्प आहे.

खरेदीखत नोंदलं गेलं. घर मास्तरांचं झालं, उताऱ्यावर अजून डन्यानेश्वरच आहे. फळी टेम्पोतून निपाणीला गेली. कड्या शहापुरात तुळईला लोंबताहेत, आणि दर रविवारी निपाणीहून फोन येतो. परवा मी दोघांना म्हटलं, एखादा मधला माणूस नेमा, तो सांगेल तसं वाटून घ्या. दोघेही एका सुरात म्हणाले, "नको ओ, महाजन झालेत एकदा."